जुन्या गाडीचा बेल्ट बदलूनही पुन्हा आवाज येतो तेव्हा : मूळ कसे शोधावे

आमच्या घरी २००६ सालची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. वडिलांनी निवृत्तीच्या वेळी घेतलेली ही गाडी आजही चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला विनातक्रार जाते, म्हणून ती विकण्याचा विचार घरात कोणी करत नाही. या गाडीच्या बेल्टने मात्र आम्हाला दीड वर्ष छळले. त्या काळात तीन बेल्ट आणि एक अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) बदलून झाला. प्रत्येक नव्या बेल्टनंतर साधारण तीन आठवडे गाडी शांत राही आणि मग एके दिवशी सकाळी सेल्फ मारताच बॉनेटखालून तोच ‘चिक्-चिक्-चिक्’ असा आवाज पुन्हा सुरू होई. शेवटी जो दोष सापडला तो बेल्टमध्ये नव्हता, बेल्ट केवळ त्याची वर्दी देत होता. ज्यांच्या जुन्या गाडीत असाच वारंवार परतणारा आवाज आहे, त्यांना आमच्यासारखा वेळ आणि पैसा घालवावा लागू नये, म्हणून हा शोध कोणत्या क्रमाने घ्यायला हवा होता ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला नावाचा एक खुलासा करतो. आपल्याकडे या पट्ट्याला अजूनही ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. जुन्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा याच पट्ट्यावर फिरत असे, त्यावरून हे नाव पडले. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत तो पंखा विजेच्या मोटारीवर चालतो आणि बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत वॉटर पंप आणि स्टिअरिंगचा पंप फिरवतो. दुकानात बेल्ट मागताना नावापेक्षा त्याच्या पाठीवर छापलेला क्रमांक सांगावा. ‘४ पीके ८८०’ याचा अर्थ लांबीला समांतर चार कंगोरे असलेला, ८८० मिलिमीटर लांबीचा पट्टा. ‘पीके’ ही कंगोऱ्यांच्या आकाराची खूण आहे आणि या जातीत शेजारच्या दोन कंगोऱ्यांतले अंतर ३.५६ मिलिमीटर असते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आवाजाला आधी नीट नाव द्यावे

मेस्त्रीकडे गेल्यावर आपण ‘बेल्ट ओरडतोय’ एवढेच सांगतो आणि चूक तिथेच सुरू होते, कारण बॉनेटखालच्या तीन अगदी वेगळ्या आवाजांना आपण हे एकच वाक्य वापरतो. पहिला आवाज लांब, ताणलेल्या किंचाळण्याचा असतो. गाडी सुरू करताना, एसी लावताना, रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकदम चालू केल्यावर किंवा हायड्रॉलिक स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो येतो, आणि भार कमी झाला की थांबतो. पुलीवर, म्हणजे बेल्ट ज्यावरून फिरतो त्या खाचांच्या चाकावर, बेल्ट घसरत असल्याचा हा आवाज आहे. दुसरा आवाज तुटक, चिमणीच्या चिवचिवाटासारखा आणि ठेक्यात येणारा असतो. तो संथ गतीला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसते चालू असताना, सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, ॲक्सिलरेटर दिला की त्याचा ठेका जलद होतो आणि बरेचदा तो एकसंध आवाजात बुडून जातो. बेल्ट एखाद्या पुलीत तिरका शिरत असल्याची ही खूण असते. तिसरा आवाज घरघरीचा किंवा गुरगुरण्याचा असतो. त्यात रबराचा सूर नसतो, लोखंडाचा असतो, आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तो चढत-उतरत जातो. हे बेअरिंगचे बोलणे आहे.

आमच्या गाडीत पहिल्या पावसाळ्यात जो आवाज होता तो पहिल्या प्रकारचा होता आणि नंतर दीड वर्ष राहिला तो दुसऱ्या प्रकारचा होता. हे दोन वेगळे आजार आहेत हे आमच्या लक्षात आले नाही. ‘तोच आवाज परत आला’ असे आम्ही सांगत राहिलो आणि मेस्त्री तोच उपाय करत राहिले. म्हणून माझी पहिली विनंती अशी की सकाळी इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून, मोबाइलवर एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे. इंजिन तापले की हे आवाज बहुधा गप्प होतात आणि गॅरेजपर्यंत पोहोचेस्तोवर दाखवायला काही उरत नाही. मुद्रण करताना क्रमही ठरवून घ्यावा. आधी काहीही न लावता संथ गतीवर, मग हेडलाइट लावून, मग एसी लावून आणि शेवटी स्टिअरिंग एका बाजूला वळवून ऐकावे. स्टिअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, त्याने पंपावर नाहक ताण येतो.

चिवचिवाटाच्या ठेक्यावरून थोडा हिशेबही करता येतो. संथ गतीला इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. इंजिनाची मुख्य पुली १३ सेंटिमीटर व्यासाची धरली तर बेल्ट सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे ८८० मिलिमीटरचा बेल्ट सेकंदात सहा वेळा पूर्ण फिरतो. आवाज एवढ्याच ठेक्यात असेल तर बेल्टवरचीच एखादी जागा बोलत असण्याचा संभव मोठा: एखादा तुटलेला कंगोरा, किंवा कंगोऱ्यांमध्ये रुतलेला बारीक खडा. कोकणात जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवरून गाडी चालत असेल तर ही दुसरी शक्यता मुळीच दुर्लक्षू नये. ठेका याहून जलद असेल, तर बेल्टच्या एका फेऱ्यात अनेकदा फिरणाऱ्या एखाद्या पुलीकडे संशय वळवावा.

पाण्याची परीक्षा

ही परीक्षा इतकी सोपी आहे की ती केल्याशिवाय कोणीही बेल्टवर पैसे घालू नयेत. कपड्यांना इस्त्री करताना वापरतात ती फवाऱ्याची बाटली स्वच्छ पाण्याने भरावी. इंजिन चालू ठेवून, आवाज येत असताना, बेल्टच्या कंगोऱ्यांच्या बाजूवर दोन-तीन हलके फवारे मारावेत. आवाज एकदम वाढला तर बेल्ट घसरतो आहे. याचा अर्थ ताण कमी आहे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थकला आहे किंवा बेल्ट झिजून गुळगुळीत झाला आहे. आवाज क्षणभर थांबला किंवा मंदावला आणि पाणी उडून जाताच परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेल्ट सोडून द्यावा आणि बेअरिंगांकडे वळावे.

आमच्या गाडीत फवारा मारताच आवाज साफ बंद झाला आणि अर्ध्या मिनिटात जसाच्या तसा सुरू झाला. ही परीक्षा आम्ही तिसरा बेल्ट घातल्यानंतर केली, पहिल्याआधी केली असती तर पुढचे सगळे टळले असते.

येथे सुरक्षिततेचे दोन शब्द सांगणे भाग आहे. चालू इंजिनासमोर उभे राहताना ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही लोंबकळत असू नये. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असावा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू लागतो, म्हणून हात आत घालण्यापूर्वी चावी काढून खिशात ठेवावी आणि तरीही पंख्यापासून हात दूरच ठेवावा. अल्टरनेटरजवळ पान्हा चालवायचा असेल तर बॅटरीची ऋण बाजूची वायर आधी सोडावी, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरमध्ये बॅटरीचा प्रवाह नेहमीच असतो आणि पान्हा तिला व इंजिनाला एकाच वेळी टेकला तर मोठी ठिणगी पडते.

बेल्ट उतरवून ऐकणे

पाण्याने उत्तर स्पष्ट मिळाले नाही तर बेल्ट पूर्ण उतरवून इंजिन काही सेकंद चालवावे. आवाज गेला तर तो बेल्टवर फिरणाऱ्या वस्तूंपैकी एखाद्याचा किंवा बेल्टचाच होता. तरीही राहिला तर तो इंजिनाच्या आतला आहे, आणि तेव्हा टायमिंगची (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारी) साखळी वा बेल्ट, त्याचा टेन्शनर यांची तपासणी करावी लागते, जी घरच्या घरी करू नये. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर इंजिनात पाणी फिरणे बंद झालेले असते, म्हणून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नये. या वेळी डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो, तो अपेक्षितच आहे.

बेल्ट उतरलेला असतानाच प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. या कामाला दहा मिनिटे लागतात, पण गॅरेजच्या घाईत ते नेमके राहून जाते. चांगल्या बेअरिंगला फिरवताना आतल्या ग्रीसचा किंचित जडपणा बोटांना जाणवतो आणि पुली दोन-तीन फेऱ्यांत शांतपणे थांबते. कोरड्या बेअरिंगची पुली याउलट खुळखुळ करत बराच वेळ फिरत राहते. ती छान मोकळी फिरते म्हणून चांगली असावी, असा अनेकांचा समज असतो, प्रत्यक्षात तिचे ग्रीस संपलेले असते. खरखर, अडखळणे, किंवा पुली दोन बोटांत धरून आत-बाहेर हलवल्यावर लागणारा प्ले म्हणजे ढिलेपणा, यांपैकी काहीही असले तर बेअरिंग गेले म्हणून समजावे. बेल्टला केवळ वळण देणाऱ्या आयडलर पुलीत पुष्कळदा ६२०३ क्रमांकाचे, म्हणजे आतून १७, बाहेरून ४० आणि रुंदीला १२ मिलिमीटरचे साधे बेअरिंग असते. पुली धातूची आणि बेअरिंग निघणारे असेल तर ते बेअरिंगच्या दुकानातून, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले आणून बसवता येते. पुली प्लॅस्टिकची असेल तर मात्र संपूर्ण बदललेली बरी.

बेल्ट चढवलेला असताना बेअरिंग ओळखायचे असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या किंवा पंपाच्या न फिरणाऱ्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरावी. मेस्त्री लोकांची ही जुनी रीत डॉक्टरांच्या नळीइतकीच उपयोगी आहे. निरोगी भागातून मंद सरसर ऐकू येते, खराब भागातून वाळू दळल्यासारखा आवाज येतो.

पुल्यांची रांग: आमचा दोष येथे होता

चिवचिवाट, आणि पाण्याने तो तात्पुरता थांबणे, ही जोडी जमली की पुल्यांच्या रांगेकडे पाहावे. बेल्ट सर्व पुल्यांवर एकाच पातळीत धावला पाहिजे. एखादी पुली थोडी मागे-पुढे किंवा वाकडी असेल, तर बेल्टचा प्रत्येक कंगोरा खाचेत सरळ न उतरता खाचेच्या भिंतीला घासत उतरतो. रबर भिंतीला क्षणभर चिकटते आणि सुटते, पुन्हा चिकटते आणि सुटते. या चिकटण्या-सुटण्याचाच तो ‘चिक्-चिक्’ असतो. मधे पाण्याचा थर आला की चिकटणे थांबते आणि आवाजही थांबतो. नवा बेल्ट काही आठवडे गप्प का राहतो, हेही यावरून उलगडते. नव्या बेल्टच्या कंगोऱ्यांचे पृष्ठ खडबडीत, निस्तेज असते. वाकड्या पुलीवर ते घासून एका अंगाने चकचकीत व्हायला काही शे किलोमीटर लागतात, आणि तेवढ्या काळात दोष झाकलेला राहतो.

आम्हाला मार्ग सापडला तो जुन्या बेल्टांमुळे. काढलेले बेल्ट वडिलांनी ‘वाटेत तुटला तर असावा’ म्हणून डिकीत ठेवले होते. तिसऱ्या बेल्टचा आवाज सुरू झाल्यावर मी तो उतरवला आणि तिन्ही बेल्ट ओसरीवर उलटे, कंगोरे वर करून शेजारी शेजारी ठेवले. सकाळचे ऊन तिरके येत होते. तिन्हींच्या प्रत्येक कंगोऱ्याचा एक उतार आरशासारखा चमकत होता आणि दुसरा उतार जवळजवळ कोरा, काळा-करडा होता. एका कडेला रबर सोलून आतल्या दोऱ्याचा केसाएवढा तंतू बाहेर आला होता. तीन वेगळे बेल्ट एकाच रीतीने झिजले असतील तर झिजवणारी वस्तू गाडीतच आहे, हे सांगायला कोणी जाणकार लागत नाही. मग टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर (त्याला धरून ठेवणाऱ्या आधारावर), पुलीच्या फक्त इंजिनाकडच्या बाजूला, काजळीसारखी रबराची काळी पूड बसलेली दिसली.

रांग मोजायला लेझरची साधने मिळतात, परंतु आम्ही गवंडी भिंतीची ओळ धरतात तो दोरा वापरला. मुख्य पुलीच्या दुसऱ्या खाचेत दोरा बसवून तो अल्टरनेटरच्या पुलीकडे सरळ ताणला. तो तिच्याही दुसऱ्याच खाचेत पडायला हवा होता. तसा न पडता तो तिसऱ्या खाचेच्या अलीकडच्या उतारावर टेकला. पोलादी पट्टीने मोजल्यावर फरक अडीच मिलिमीटरचा निघाला. डोळ्यांना हे अंतर काहीच वाटत नाही, पण दोन खाचांमधले अंतरच ३.५६ मिलिमीटर असताना अडीच मिलिमीटर म्हणजे निम्म्याहून जास्त खाच झाली. आमच्या गाडीत या दोन पुल्यांमध्ये मोकळा बेल्ट सुमारे २० सेंटिमीटर लांब आहे. त्या लांबीवर हा फरक पाऊण अंशाचा कोन करतो आणि कंगोऱ्यांच्या बेल्टला तेवढा कोन पुरेसा होतो. पट्टी वापरताना एक काळजी घ्यावी. पुल्यांच्या बाहेरच्या कडांची जाडी वेगवेगळी असू शकते, म्हणून कडेला कड न लावता खाचेला खाच जुळवावी.

अडीच मिलिमीटर आले कुठून, हेही सांगतो, कारण जुन्या गाड्यांत हे वारंवार घडत असणार. पहिल्या पावसाळ्यात ओल्या सकाळी बेल्ट किंचाळत असे, म्हणून तो दोनदा ताणून घेतला होता. दुसऱ्या वेळी तो गरजेपेक्षा फार ताणला गेला. दिवाळीपर्यंत अल्टरनेटरचे पुढचे बेअरिंग गुरगुरू लागले आणि त्याच्या जागी दुरुस्त केलेला, दुसऱ्या गाडीतून निघालेला अल्टरनेटर बसवला. मूळ अल्टरनेटरच्या खालच्या पायात एक पोलादी बुश (छोट्या नळीसारखा तुकडा) घट्ट बसवलेला होता, जो पाय आणि ब्रॅकेट यांमधली जागा भरून काढत असे. बदललेल्याच्या पायात तसा बुश नव्हता. लांब बोल्ट आवळताच अल्टरनेटर ती मोकळी जागा खाऊन मागे सरकत असे आणि जवळून पाहणाऱ्यालाही तो घट्ट, ठाकठीक बसलेला दिसे. उपाय त्या मानाने अगदी लहान होता. लेथवाल्याकडून अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी रिंग कातून घेतली, ती पायाच्या मागे घातली, दोरा पुन्हा धरला आणि तो दुसऱ्या खाचेत बसला. मग चौथा बेल्ट घातला. जुना तिसरा पुन्हा चढवण्याचा मोह झाला होता, पण एका अंगाने झिजलेले कंगोरे सरळ पुलीवरही आवाज करतात, म्हणून दोष दुरुस्त केल्यावर बेल्ट नवाच घ्यावा.

अल्टरनेटर, वॉटर पंप, कॉम्प्रेसर किंवा त्यांचे ब्रॅकेट यांपैकी काहीही काढून बसवल्यानंतर जर आवाज सुरू झाला असेल, तर सर्वांत आधी त्याच भागाच्या रिंगा, बुश आणि बोल्ट तपासावेत. जुन्या वस्तूबरोबर निघालेली प्रत्येक रिंग एका डबीत ठेवून नव्या वस्तूशी ताडून पाहावी. ब्रॅकेटचे बोल्टाचे भोक वर्षानुवर्षांच्या थरथरीने लांबट झाले असेल तर अल्टरनेटर ताणाखाली तिरका होतो, आणि हा दोष बेल्ट सैल असताना दिसतच नाही. म्हणून दोऱ्याची परीक्षा अल्टरनेटरचे सगळे बोल्ट पूर्ण आवळून करावी, आणि बेल्ट चढवून ताणल्यावर पुलीच्या तोंडावर पट्टी धरून अल्टरनेटर कलला नाही ना, हे पुन्हा पाहावे.

ताण किती असावा

ज्या गाड्यांत टेन्शनर नसतो, त्यांत अल्टरनेटर लांबट खाचेतल्या बोल्टावर बाहेर सरकवून बेल्ट ताणतात. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने सुमारे १० किलोच्या जोराने दाबल्यावर बेल्ट किती दबतो, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लहान गाड्यांत हा आकडा बहुधा ५ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, आणि नव्या बेल्टसाठी तो वापरलेल्यापेक्षा थोडा कमी दिलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा शोधून तोच पाळावा. आवाज थांबेपर्यंत ताणत राहणे ही फार महागात पडणारी सवय आहे. सैल बेल्ट ओरडून तरी सांगतो. जास्त ताणलेला बेल्ट गप्प राहून अल्टरनेटरचे आणि वॉटर पंपाचे बेअरिंग खातो. टॉमी (लोखंडी पहार) लावून अल्टरनेटर सरकवताना ती त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ अंगावर टेकवू नये, तडा जातो. नवा बेल्ट घातल्यावर पाच मिनिटे इंजिन चालवून ताण पुन्हा पाहावा आणि काही शे किलोमीटरनंतर आणखी एकदा पाहावा, कारण सुरुवातीला बेल्ट थोडा बसतो.

घसरणीची शंका असेल तर साध्या मल्टिमीटरनेही खात्री करता येते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर बहुतेक जुन्या गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर किंचाळणे सुरू होऊन आकडा १३ च्या खाली उतरत असेल, तर बेल्ट अल्टरनेटरला पुरेसा फिरवत नाही.

नंतरच्या काळातल्या गाड्यांत स्प्रिंगचा आपोआप ताण धरणारा टेन्शनर असतो. तेथे इंजिन संथ चालू असताना टेन्शनरच्या दांड्याकडे पाहावे. तो किंचित थरथरला तर ठीक, पण झोके घेत असेल तर त्याची आतली घर्षणाची रचना झिजली आहे. इंजिन बंद करून पान्ह्याने दांडा फिरवताना तो अडखळला किंवा सैल पडला तरीही तो बदलावा. टेन्शनरच्या अंगावर दांड्याची मर्यादा दाखवणाऱ्या खुणा असतात. दर्शक त्यांच्या बाहेर गेला असेल तर चुकीच्या लांबीचा बेल्ट बसवलेला असण्याची शक्यता तपासावी. विशेषतः डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. तो अडकला की टेन्शनर नाचू लागतो आणि दोष निर्दोष टेन्शनरच्या माथी मारला जातो. बेल्ट काढून, अल्टरनेटरच्या आतला पंखा स्क्रू ड्रायव्हरने हलकेच अडवून पुली हाताने फिरवावी. ती एका दिशेला मोकळी फिरून दुसऱ्या दिशेला लगेच पकडली पाहिजे. दोन्हीकडे मोकळी किंवा दोन्हीकडे पक्की असेल तर ती निकामी आहे.

बेल्टवर काय लावू नये, आणि बेल्ट कसा पारखावा

साबणाची वडी, मेणबत्ती, पावडर आणि बाजारात मिळणारे बेल्टचे फवारे, यांतले एक ना एक प्रत्येक गॅरेजमध्ये सुचवले जाते. यांपैकी काहीही लावू नये. आवाज थांबतो हे खरे, पण तो थांबतो म्हणजे आपल्या हातातला एकमेव पुरावा पुसला जातो. चिकट फवाऱ्यावर धूळ बसते, ती खाचांत जमून कंगोरे खाते, आणि पुढच्या वेळी पाण्याची परीक्षाही खोटे उत्तर देते. बेल्टवर ऑइल, कूलंट किंवा स्टिअरिंगचे तेल आले असेल तर ते धुऊन भागत नाही, तेलाने तर रबर फुगते. गळती आधी बंद करावी, पुल्यांच्या खाचा नायलॉनच्या ब्रशने साबणपाण्याने घासून कोरड्या कराव्यात आणि मग नवा बेल्ट घालावा. वॉटर पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र असते, तिथून कूलंटचा सुकलेला ओघळ दिसला तर पंपाचे सील गेले आहे, आणि बेल्ट भिजवणारा बहुधा तोच असतो.

जुने निओप्रीन रबराचे बेल्ट तडकत असत. एका कंगोऱ्यावर तीन इंचांत तीन भेगा दिसल्या की ते बदलावेत, असा ठोकताळा होता. आता बहुतेक बेल्ट ईपीडीएम या रबराचे असतात आणि ते सहजासहजी तडकत नाहीत, मोटारीच्या टायरसारखे झिजत जातात. त्यामुळे भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा निष्कर्ष आता धरता येत नाही. कंगोऱ्यांमधली दरी रुंद व खोल होत गेली की बेल्ट खाचेत जास्त खाली बसतो, त्याचे अंग पुलीच्या माथ्याला टेकते आणि पकड सुटते. नवा आणि जुना बेल्ट शेजारी ठेवून दऱ्यांची तुलना केली की हे नुसत्या डोळ्यांनीही कळते.

शेवटची एक जागा सांगायची राहिली, ती म्हणजे इंजिनाची मुख्य पुली. अनेक गाड्यांत ती एकसंध नसते. मधला गाभा आणि बाहेरची खाचांची कडी यांच्यामध्ये रबराचा थर असतो. इंजिनाची थरथर गिळण्यासाठी तो घातलेला असतो आणि पंधरा-वीस वर्षांत तो सुटू लागतो. मग बाहेरची कडी गाभ्यावर घसरते किंवा डुलते, आणि आवाज, ताण, रांग सगळे एकदम बिघडल्यासारखे वाटते. ही तपासणी पांढऱ्या रंगाच्या एका रेघेने होते. गाभा, रबर आणि कडी यांच्यावरून एक सरळ रेघ ओढावी आणि काही दिवस गाडी चालवल्यावर ती पाहावी. रेघ तुटून दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले तर ती पुली तातडीने बदलावी, कारण बाहेरची कडी चालत्या गाडीत पूर्ण सुटू शकते.

आमच्या गाडीच्या मुख्य पुलीवर मी अशी रेघ ओढली आहे आणि दर वेळी ऑइल बदलताना ती पाहतो. चौथा बेल्ट घालून आता एक पूर्ण पावसाळा उलटला आहे. परवा तो उतरवून पुन्हा ओसरीवर उलटा ठेवला, तेव्हा कंगोऱ्यांच्या दोन्ही उतारांवर सारखीच मंद झिलई दिसली आणि रेघ अजून सरळ आहे.